खाटेजवळचा घड

अभिमन शिरसाठ ईश्वरविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला मोह म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. म्हणजे मोहाचे प्रकार त्याला तोंडपाठ होते. देहाचा, डोळ्यांचा, गर्वाचा. आदामाचा, एसावाचा, शमशोनाचा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं धडाधड सांगितले असते. पण धुळ्याला देवपुरातल्या त्या लहानशा पाळकशाळेत पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, मग प्रार्थना, मग ग्रीक भाषेची रूपं, मग पाणीदार वरण, मग पुन्हा प्रार्थना, असा दिवस जायचा. तिथं मोहानं यायचं तरी कुठल्या वाटेनं? बिचारा फाटकापर्यंत येऊन आत डोकावून परत जात असेल.

यातच अभिमनचं घोडं अडलं होतं. पाळक व्हायचं तर खऱ्या मंडळीसमोर परीक्षेचं प्रवचन द्यावं लागे, आणि त्यात तो दोनदा आपटला होता. पहिल्यांदा तो उधळ्या पुत्रावर बोलला. शाळेचे मुख्य रेव्हरंड यिर्मया वाघचौरे, ज्यांना सगळे नुसतं गुरुजी म्हणत, मागच्या बाकावर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अभिमन, तुझा उधळ्या पुत्र काही उधळतच नाही. बाजारहाट करून घरी आलाय तो." दुसऱ्या वेळी त्यानं पेत्राच्या नाकारण्यावर तासभर घाम गाळला. गुरुजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "भुसावळला जन्मात न गेलेला माणूस भुसावळची गाडी कधी सुटते ते सांगतो, तसं तू पापाबद्दल सांगतोस. वेळ बरोबर आहे. पण तू काही गेलेला नाहीस."

आता तिसरी आणि शेवटची पाळी होती. याही वेळी नापास झाला तर वळकटी बांधून घरी जायचं होतं, आणि पुन्हा देवपूरचं तोंड पाहायचं नव्हतं. अभिमनला तर पाळक सोडून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. लहानपणी तो अंगणातल्या कोंबड्यांना उपदेश करत असे आणि कोंबड्या माना वाकड्या करून ऐकत. माणसांचं तेवढं अजून जमलं नव्हतं. 

तिसरं प्रवचन जळगावला ठरलं. मेहरूण तलावाच्या पलीकडे, मळ्यांच्या कडेला, पत्र्याचं एक चर्च होतं. मंडळी जेमतेम वीस-पंचवीस घरांची. मार्गशीर्षात तिथं उपकारस्तुतीचा सण होई. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्यानं देवापुढे आणून ठेवायचं, उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा, आणि साध्या भोपळ्यासाठीही माणसांनी असं इरेला पडायचं की पाहणाऱ्याला वाटावं, भोपळ्यात काही दडवून ठेवलंय. गुरुजींनी विषय दिला होता: मोह.

"आणि हे बघ," एसटीत बसता बसता गुरुजी म्हणाले, "आदल्या दिवशी उपास. चर्चमध्येच राहायचं, प्रार्थना करायची. आपल्या प्रभूनं चाळीस दिवस रानात काढले. तुला एक शनिवार जड नाही."

"तुम्ही कुठं उतरणार, गुरुजी?"

"मी झुलालभाऊंकडे. त्यांच्याकडे भरीत आहे," गुरुजी म्हणाले, आणि एरंडोल येईपर्यंत डोळे मिटून बसले.

झुलालभाऊ हे त्या मंडळीचे वडीलधारे पंच. बारीक अंगाचे, घाबरट आणि फार चांगले गृहस्थ. शनिवारी दुपारी अभिमन चर्चमध्ये पोचला तेव्हा ते एका स्टुलावर चढून केळीचे दोन घड आढ्याला टांगत होते. प्रवचनाच्या मेजाच्या डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दोन्ही दोर ते वितीनं मोजत होते, खाली उतरत होते, दारापर्यंत जाऊन एक डोळा मिटून बघत होते, परत चढत होते.

"एवढं काय मोजताय, भाऊ?" अभिमननं विचारलं.

"डावा घड धुरपदाबाईचा, उजवा बेबाबाईचा," झुलालभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "जावा-जावा आहेत. एक बोटभर वर-खाली झाला ना, तर मला हे गाव सोडावं लागेल."

मग त्यांनी सगळं रामायण सांगितलं. दोन भाऊ वारले, दोन विधवा जावा राहिल्या. एकच विहीर, एकच केळीची बाग, मध्ये गुडघ्याएवढा बांध. दहा-अकरा वर्षांपूर्वी कुणाच्याशा बाप्तिस्म्याच्या जेवणात धाकटी बेबाबाई सहज बोलून गेली की मोठीची केळी जरा पाणचट लागतात. झालं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहिरीवर पाळी ठरवायची असली तर धुरपदाबाई मोटेच्या बैलाला सांगे, आणि पलीकडून बेबाबाईही बैलालाच उत्तर देई. त्या बैलाला सगळ्या घराण्याची हकिकत ठाऊक होती. प्रभुभोजनाला मनात अढी ठेवून बसू नये असं शास्त्र असल्यामुळं दोघींनी, एक अक्षर न बोलता, त्यावरही तोड काढली होती: एका महिन्यात ही यायची, दुसऱ्या महिन्यात ती. म्हणजे बसताना शेजारी अढी नसे.

"आणि पाळकसाहेब काही म्हणाले नाहीत?"

"दोन पाळक बदली मागून गेले," झुलालभाऊ म्हणाले. त्यांनी डाव्या खिडकीखाली, धुरपदाबाईच्या घडाला अगदी खेटून, अभिमनसाठी खाट टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार ओढून घेतलं.

अभिमन गुडघ्यांवर बसला. त्यानं खरोखर मनापासून प्रार्थना केली, की प्रभू, मला मोहाबद्दल काहीतरी उमजू दे. अशी प्रार्थना करताना माणसानं आजूबाजूला काय टांगलंय ते आधी पाहून घ्यावं.

कारण तो घड साधासुधा नव्हता. धुरपदाबाईनं तो आठवडाभर बंद खोलीत धुरी देऊन पिकवला होता. वरपासून खालपर्यंत पिवळाधमक, आणि त्याचा वास चर्चमध्ये असा कोंडला होता की प्रार्थनेत 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं तरी केळं खाल्ल्यासारखं वाटे. त्यात बाहेरून झुलालभाऊंच्या अंगणातून दुसरा वास यायला लागला. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. मग ती लाकडी बडगीत ठेचल्याचे आवाज आले. मग गुरुजींचा आवाज आला, "घाला अजून थोडं."

अभिमन खाटेवर आडवा झाला आणि त्यानं डोळे गच्च मिटले. आणि तेव्हाच एक केळं, अती पिकल्यामुळं, आपणहून घडावरून सुटलं आणि टप्पकन त्याच्या छातीवर पडलं.

इथं साधा माणूस असता तर त्यानं केळं खाल्लं असतं आणि विषय संपला असता. किंवा उचलून मेजावर ठेवलं असतं. पण अभिमन चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकला होता. तो उठून बसला, केळं मांडीवर ठेवलं आणि त्यानं विचार केला. शेतात जे खाली पडेल ते गोरगरिबांसाठी आणि वाटसरूंसाठी सोडावं असं जुन्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे. मी गरीब आहे. धुळ्याहून आलोय म्हणजे वाटसरूही आहे. आणि मी ते तोडलेलं नाही. उपासाचं म्हणाल तर उपास मनाचा असतो, हे संदेष्ट्यांनी किती वेळा सांगितलंय. एकेक मुद्दा तो असा सोलत गेला, आणि शेवटचा मुद्दा सुटला तेव्हा केळंही सोललेलं होतं.

ते केळं किती गोड होतं हे सांगायला इथं जागा नाही.

दुसरं केळं मात्र आपणहून पडलं नाही. त्याला अभिमननं जरासा धक्का दिला. तिसऱ्याच्या वेळी त्याच्या मनात आलं की फणीत मध्येच खाच दिसते, ती बरी दिसत नाही. देवाच्या अर्पणात अशी विद्रूप खाच असण्यापेक्षा बाजूचीही काढलेली बरी. मग ती फणी फारच बोडकी दिसायला लागली, तेव्हा ती पुरी संपवणंच नीटनेटकं होतं. मग खालच्या फणीचा तोल जाणार नाही का? सालांचं काय करायचं हाही प्रश्न देवानं सोडवला, असं त्याला वाटलं. खिडकीबाहेर झुलालभाऊंची बकरी उभी होती. तो साल टाकी, ती खाई, आणि दोघांची नजरानजर होई. त्या बकरीइतकं मनापासून त्याचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

पोट तटतटलं तेव्हा तो भानावर आला. घडाचं एक अंग साफ झालं होतं.  प्रकार पाठ होते, सगळे पाठ होते, आणि तरी हे झालं होतं. आणि पाठ असल्यामुळंच इतकं सफाईनं झालं होतं, ही गोष्ट त्याला सगळ्यांत जास्त लागली. त्यानं घड फिरवला, खाल्लेलं अंग भिंतीकडे केलं, आणि उरलेला दिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रविवारी चर्च भरून गेलं. डावीकडे सतरंजीवर बाया, उजवीकडे बाप्ये, पुढे वांगी, भोपळे, कपाशीची बोंडं, ज्वारीची कणसं, एक रागावलेला कोंबडा. बायांमध्ये पहिल्याच ओळीत धुरपदाबाई, आपल्या घडावर नजर लावून. चार बाया सोडून बेबाबाई, तिच्या घडावर नजर लावून. मागच्या बाकावर गुरुजी. चेहरा तृप्त, डोळे मिटलेले.

"प्रिय जनहो," अभिमननं सुरुवात केली, "मोह आपल्यापाशी हळूच येतो."

आणि डावा घड हळूच फिरला.

झुलालभाऊंनी दोर नवाकोरा अंबाडीचा वापरला होता. घडाचं वजन एका बाजूनं हलकं झालं होतं, आणि दोराचा पीळ रात्रभर सुटत होता. अभिमनला डोळ्याच्या कोपऱ्यातून बोडक्या दांड्याची कड दिसली. 

"तो डावीकडून येतो," असं म्हणत त्यानं डावा हात जोरात पसरला आणि घड मागे लोटला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच घड पुन्हा यायला लागला. "आपण त्याला दूर लोटतो," अभिमन म्हणाला आणि त्यानं लोटलं. "पण तो परत येतो." मंडळी सरसावून बसली. असं हातवारे करून बोलणारा प्रवचनकार त्यांनी पाहिला नव्हता. मागच्या बाकावर गुरुजींचा एक डोळा उघडला. "आपण त्याला मिठीत धरतो," अभिमन म्हणाला, कारण आता दुसरा इलाजच नव्हता, आणि त्यानं घडाला कवेत घेतलं. तेवढ्यात डाव्या खिडकीत बकरीचं तोंड आलं. तिनं अभिमनकडे ओळखीनं पाहिलं आणि मोठ्यांदा बें केलं.

अभिमन दचकला आणि हात सुटले. घडानं एक ऐसपैस गिरकी घेतली आणि आपलं रिकामं अंग सगळ्या मंडळीला दाखवून तो शांतपणे थांबला.

 धुरपदाबाई उठून उभी राहिली नाही, की ओरडली नाही. पदर सारखा करून तिनं विचारलं, "पोऱ्या, मन्ही केळी कोठे गयी?"

"वानर आलं असेल," झुलालभाऊ घाईघाईनं म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते, हे मी आधीच सांगितलंय. "तलावाकडून येतात. फार माजलेत."

अभिमननं झुलालभाऊंकडे पाहिलं, मग खिडकीतल्या बकरीकडे. वानर. काय सोपा शब्द होता. त्याच्या जिभेवर तो आलाही. पण कालच्या केळ्यांची चव अजून जिभेवरच होती, आणि दोघांना तिथं जागा पुरेना.

"वानर नाही," तो म्हणाला. "मी खाल्ली. काल दुपारी. उपास असताना. एक पडलेलं होतं, बाकीची मी तोडली."

मागच्या बाकावरून गुरुजी उठले. सावकाश चालत पुढे आले. अभिमनला वाटलं, आता वळकटी. पण गुरुजी मंडळीकडे वळले.

"शास्त्र काय म्हणतं," गुरुजी म्हणाले, "की अर्पण वेदीपाशी आणलंस आणि आठवलं की कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तेव्हा उपासना इथं थांबली. धुरपदाबाईंनी माफ केलं तर पुढं चालू. नाही केलं, तर अभिमन, देवपूरला परत यायचं कारण नाही." एवढं बोलून ते पहिल्याच ओळीत मांडी घालून बसले.

अभिमन धुरपदाबाईसमोर जाऊन गुडघ्यांवर बसला. "अक्का, माझं चुकलं. मला माफ करा."

"माफ करानं काम देवनं शे," धुरपदाबाई म्हणाली. "तो करी. त्याले केळीनी बाग नही ना."

"पण अक्का, साताच्या सत्तर वेळा क्षमा करावी असं..."

"ते माले माहीत शे. म्हनीसनच करत नही." ती जरा पुढे झुकली, आणि हे पुढचं तिनं खिडकीतल्या बकरीकडे बघत सांगितलं, कारण बैल तिथं नव्हता. "आज याले माफ करं, तर उद्या बठ्ठास्ले कराना पडी. आठे काही लोके असा बठेल शेतस, त्यास्ले माफ कराना मना मनमा नही."

यात खोट काढायला जागा नव्हती. अभिमननं क्षमेवर जाडजूड ग्रंथ वाचले होते, पण क्षमा एकदा सुरू केली की आवरत नाही, म्हणून ती सुरूच करू नये, असं इतक्या स्वच्छपणे कुणी मांडलेलं त्याच्या वाचनात नव्हतं. चार बायांपलीकडे बेबाबाई छताकडे बघत होती. झुलालभाऊ डोळे मिटून प्रार्थना करत होते, बहुधा बदलीसाठी.

 मग धुरपदाबाईनंच विचारलं, जरा हळू आवाजात, "गोड व्हती का?"

"फार," अभिमन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, पहिल्या केळ्यानंतर मला थांबताच आलं नाही."

धुरपदाबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं चारी बाजूंना पाहिलं, सगळ्यांना ऐकू गेलं ना याची खात्री केली. दहा-अकरा वर्षं तिला असा साक्षीदार मिळाला नव्हता. उपाशी माणूस, देवाची भीती असलेला, पाळकशाळेत शिकलेला, आणि तरी ज्याला थांबता आलं नाही. "पाणचट नही व्हती?" तिनं बकरीला विचारलं.

तेव्हा बेबाबाई ताडकन उठली. "आनि मना घडले काय धाड भरनी व्हती?" ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "तोबी आठेच टांगेल व्हता. एक केळाले हात लावा नही यानी. चोरालेबी नको वाटना मना माल?" आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

आता आली का पंचाईत. अभिमननं एकीची केळी खाल्ली म्हणून तिची क्षमा मागायची, आणि दुसरीची खाल्ली नाहीत म्हणून तिची. या दुसऱ्या पापाचं नाव कुठल्याच ग्रंथात नव्हतं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी अत्यंत उत्सुकतेनं त्याच्याकडे पाहत होते.

"मी माफ करसू," धुरपदाबाई म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठं गेला होता आणि ती ऐटीत बसली होती. "आते लगेच माफ करसू. फक्त एक सांग, पोऱ्या, बठ्ठास्ले आयकू जाई असं. दोन घड व्हतात. मनाच काबरं खाधा?"

अभिमनला एकदम हलकं वाटलं. उत्तर समोरच होतं: तुमची केळी गोड होती, अक्का. यात खोटं काय होतं? गोड होतीच. तो पाळक होणार होता, धुरपदाबाई खूश होणार होती, उपासना पुढे चालणार होती. बेबाबाईला जरा वाईट वाटेल, पण अकरा वर्षं वाटतच होतं. शिवाय शांती करणारे धन्य, असंही एक वचन होतं. एकेक मुद्दा कसा आपोआप सुटत होता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की हेसुद्धा केळंच आहे. कालच्यासारखंच, आपणहून सुटून, टप्पकन छातीवर पडलेलं.

"अक्का," तो म्हणाला, "खाट तिकडं होती म्हणून."

"काय?"

"झुलालभाऊंनी खाट डाव्या खिडकीखाली टाकली होती. तुमचा घड हाताला येत होता. खाट उजवीकडे असती तर बेबाअक्कांचा खाल्ला असता. मला त्यातलं काही कळत नाही. मला भूक लागली होती."

 संपलं, अभिमनला वाटलं. वळकटी, एसटी, कोंबड्या. तो मान खाली घालून बसला. पण का कोण जाणे, कालपासून पहिल्यांदाच त्याला श्वास पुरता घेता येत होता.

धुरपदाबाईनं हळूहळू मान वळवली. बकरीवरून नजर काढली. चार बायांच्या डोक्यांवरून तिनं थेट बेबाबाईकडे पाहिलं.

"आयकं का, बेबा," ती म्हणाली. "खाट व्हती म्हने."

झुलालभाऊंच्या हातातला लिलावाचा भोपळा खाली पडला.

"आयकं, अक्का," बेबाबाई म्हणाली. पदर डोळ्यांवरून खाली आला होता. "याले केळं काय नि मुळा काय."

"आपला बागना माल. अख्खा जळगावमा नाव शे. नि हाऊ म्हनस, हाताले उना म्हनीसन खाधा."

"गाढवले काय चव, अक्का. त्या धुयाना लोके नुसतं वरण पेतस."

"तोंड पहाय त्यानं. उपास म्हने."

मग दोघींनी मिळून अभिमनला धारेवर धरलं. मधल्या चार बाया उठून बाजूला झाल्या, म्हणजे दोघींना जवळ बसता यावं. अकरा वर्षांचं साचलेलं बोलणं होतं, आणि ते सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडलं. त्याची अक्कल, त्याचे कान, धुळ्याचं पाणी, पाळकशाळेचं शिक्षण, काही सुटलं नाही. एक वाक्य थोरली सुरू करी आणि धाकटी पुरं करी. मंडळी तल्लीन होऊन ऐकत होती. गुरुजींनी पुन्हा डोळे मिटले होते, पण या वेळी चेहऱ्यावर हसू होतं.

शेवटी बेबाबाईलाच दया आली. "जाऊ दे ना, अक्का," ती म्हणाली. "पोऱ्या शे. करी टाक माफ."

धुरपदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग अभिमनकडे, मग परत तिच्याकडे. "तू म्हनस तर," ती म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले.

मग उपासना पुढे चालू झाली, म्हणजे एक गीत झालं आणि लिलाव झाला, कारण प्रवचनाची आठवण कुणालाच राहिली नव्हती. दोन्ही घड एकत्रच लिलावात निघाले. झुलालभाऊंनी त्या दिवशी दोर मोजला नाही.

"गुरुजी, माझं प्रवचन?" दारात अभिमननं भीत भीत विचारलं.

"प्रवचन पाच मिनिटं झालं आणि तेही भिकार होतं," गुरुजी म्हणाले. "पण भुसावळला जाऊन आलास. पास."

अभिमनला एकदम रडू कोसळलं. गुरुजींनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्याला झुलालभाऊंच्या अंगणात जेवायला नेलं. भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. अभिमन पहिला घास घेणार तोच दोन्ही जावा समोर येऊन बसल्या, खांद्याला खांदा लावून. थोरलीनं त्याच्या ताटात आपल्या बाजूच्या बागेतलं एक केळं ठेवलं. धाकटीनं आपल्या बाजूचं एक ठेवलं.

"आते मधमा खाट नही," धुरपदाबाई गोड आवाजात म्हणाली. "निवांत खाय, आनि खरंखरं सांग. कोनतं गोड?"

 झुलालभाऊ भिंतीला टेकले. अभिमननं गुरुजींकडे पाहिलं, पण गुरुजी भरितात गढून गेले होते. त्यानं दोन्ही केळी सोलली, सालं बकरीला टाकली, आणि दोन्ही एकदम तोंडात कोंबली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि बोलायला जागाच उरली नाही.

"हां," गुरुजी ताटावरून मान न उचलता म्हणाले, "आता झाला पाळक. घाला त्याला अजून थोडं भरीत."